‘सुखाने नांदू लागले’ : मराठी प्रणयकथेचे अपुरे वाक्य

१

मराठीतील बहुतेक प्रेमकथा ज्या वाक्यापाशी येऊन थांबतात, ते वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने शेवटाचे वाक्यच नव्हे. ‘आणि ती दोघे सुखाने नांदू लागली’ असे आपण म्हणतो. यातील ‘लागणे’ हे सहायक क्रियापद आरंभ दाखविते. पाऊस पडू लागला म्हणजे पाऊस संपला असे कोणी समजत नाही. मूल चालू लागले म्हणजे त्याचे चालणे आटोपले असेही नाही. परंतु नायक-नायिका नांदू लागली की कथा आटोपली, असे लेखक मानतो, वाचक मानतो आणि समीक्षकही बिनतक्रार मान्य करतो. भाषा ज्याला प्रारंभ म्हणते त्याला वाङ्मयाने शेवट ठरविले आहे. या विसंगतीचा विचार व्हावा, एवढ्याच हेतूने प्रस्तुत टिपण लिहीत आहे.

‘नांदणे’ हा शब्दही येथे नीट पाहिला पाहिजे. तो ‘राहणे’ नव्हे आणि केवळ ‘सुखी असणे’ही नव्हे. नांदण्यात मुक्काम आहे, जम बसणे आहे, जुळवून घेणे आहे, आणि दिवसांमागून दिवस जाणे आहे. वऱ्हाडातील कोणत्याही गावी मुलीच्या आईला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘पोरगी नांदते ना?’ हा. तिचे प्रेम आहे का, असे कोणी विचारीत नाही. या क्रियापदाचे प्रयोजक रूप ‘नांदवणे’ हे तर अधिकच बोलके आहे. ‘नवरा नांदवत नाही’ या तीन शब्दांत एका संसाराची सारी फिर्याद मावते. एवढे अर्थसंपन्न क्रियापद हाताशी असताना आपल्या प्रणयकथेने त्याचा उपयोग केवळ पडदा पाडण्यासाठी करावा, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

२

हा प्रश्न वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्याच्या कामरगावसारख्या ठिकाणाहून मांडण्यास विशेष औचित्य आहे. विदर्भ ही स्वयंवरांची भूमी. रुक्मिणी येथली, दमयंती येथली, रघुवंशातील अजाला वरणारी इंदुमतीही येथलीच. कामरगावच्या एका अंगाला, वर्धा नदीच्या काठी, परंपरेने रुक्मिणीचे माहेर मानलेले कौंडिण्यपूर आहे; दुसऱ्या अंगाला वाशीम, म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म. या वत्सगुल्माला संस्कृत साहित्यशास्त्रात एक अपूर्व मान मिळालेला आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’च्या तिसऱ्या अध्यायात काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांची कथा सांगितली आहे. रुसून निघून गेलेल्या काव्यपुरुषाला प्रेमाने बांधावे म्हणून गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती देशोदेशी त्याच्या मागून गेली, आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात त्यांचा गांधर्व विवाह झाला. म्हणजे ज्या विषयाचे अध्यापन आपण करतो, त्याचेच लग्न, कथेपुरते का होईना, आपल्याच जिल्ह्यात लागले आहे.

राजशेखर मात्र लग्नापाशी थांबत नाही. ते वधूवर त्या त्या प्रदेशांत विहार करीत पुन्हा हिमालयावर परततात, तेथे असलेल्या गौरी आणि सरस्वती यांना वंदन करतात, आणि कवींच्या मनात तुमचा निवास असो, असा आशीर्वाद त्यांना मिळतो. ही दोघे कोठे नांदणार, हा प्रश्न राजशेखराला महत्त्वाचा वाटला. याच ग्रंथात तो आपली पत्नी अवंतिसुंदरी हिची मते नावानिशी आणि पूर्वसूरींच्या मतांहून वेगळी म्हणून नोंदवितो. पतिपत्नींच्या बौद्धिक सहजीवनाचा इतका जुना लेखी पुरावा आपल्याकडे विरळाच.

मराठीत आल्यावर मात्र चित्र बदलते. महानुभावांच्या महदाइसेचे ‘धवळे’ ही विवाहप्रसंगीची गीते. नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ आणि पुढे एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ (१५७१) ही नावाप्रमाणेच स्वयंवरकाव्ये. एकनाथांच्या ग्रंथाला जीव-शिवाच्या ऐक्याचे अधिष्ठान आहे, हे खरे. पण लोकव्यवहारात त्याचे स्थान काय झाले? विवाह जुळावा म्हणून उपवर मुलीने त्याचे पारायण करावे, अशी रूढी महाराष्ट्रभर पडली. लग्न झाल्यावर त्याच मुलीच्या हाती कोणते वाङ्मय आले? श्रावणातील कहाण्या. त्यांत राजाची आवडती आणि नावडती राणी असते, वसा टाकल्याने दारिद्र्य येते, नवरा दुरावतो, वसा पुन्हा घेतल्यावर तो परत येतो, आणि मग कहाणी सुफळ संपूर्ण होते. स्वयंवर कुमारिकेसाठी, कहाणी सुवासिनीसाठी, अशी ही वाचनाची वाटणी होती. पहिल्यात प्रेम आहे पण संसार नाही. दुसरीत संसार आहे, परंतु दुराव्याचे कारण आणि उपाय ही दोन्ही व्रतात शोधलेली आहेत, दोघांच्या स्वभावात नव्हेत. माझ्या मते आधुनिक मराठी कथात्म वाङ्मयाला हीच फाळणी वारशाने मिळाली, आणि तिचे भान आपल्या समीक्षेला फारसे राहिले नाही.

३

या फाळणीला एक मोठा अपवाद याच भूमीतील आहे. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान आपण ‘दमयंती स्वयंवर’ म्हणून ओळखतो. रघुनाथ पंडितांच्या ‘नलदमयंतीस्वयंवराख्याना’मुळे हंस, त्याचे दौत्य आणि स्वयंवर हाच भाग मराठी मनात ठसला. मूळ उपाख्यानात मात्र स्वयंवर सुरुवातीच्या सुमारे पाच अध्यायांत उरकते; त्यानंतरचे वीसहून अधिक अध्याय विवाहोत्तर कथेचे आहेत. द्यूत, राज्यनाश, एका वस्त्रात दोघांचे वनात भटकणे, झोपलेल्या दमयंतीला नलाने टाकून जाणे, तिचा एकाकी प्रवास, आणि अखेर शोध. व्यासांच्या दृष्टीने स्वयंवर हा प्रस्ताव आहे, उपसंहार नव्हे.

या उपाख्यानात नलाची ओळख दोनदा पटवावी लागते, आणि या दोन ओळखींतील अंतर हेच सगळ्या विवाहोत्तर प्रणयकथेचे मर्म आहे. स्वयंवरात चार देव नलाचे रूप घेऊन उभे राहतात. त्यांना घाम नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, माळा कोमेजत नाहीत, अंगावर धूळ नाही, सावली पडत नाही. नलाला हे सारे आहे. दमयंती घाम आणि धूळ असलेल्या माणसाला वरते. देवांपेक्षा मर्त्य निवडणे ही पहिली ओळख झाली. दुसऱ्या वेळी नल बाहुक झालेला आहे. रूप ओळखीचे उरलेले नाही. तेव्हा दमयंती त्याने रांधलेले अन्न मागवून चाखते, त्याची अश्वविद्या पारखते, मुलांना त्याच्यासमोर पाठवून त्याचे डोळे भरून येतात का, हे दासीकरवी पाहते. हे ज्ञान स्वयंवराच्या मंडपात मिळणारे नाही. नवऱ्याच्या हातची चव ठाऊक असणे, हे एकत्र नांदल्याशिवाय शक्य नसते. पहिल्या ओळखीत माणूस कळतो. दुसरीत हा माणूस कळतो.

आणि याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुसरे स्वयंवर. नलाला बाहेर काढण्यासाठी दमयंती आपले दुसरे स्वयंवर असल्याचा निरोप अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे धाडते. ती युक्ती आहे. पण युक्तीलाही अर्थ असतो. एकदा निवडलेल्या माणसाला पुन्हा निवडावे लागते, आणि पुन्हा निवडण्यासाठी न निवडण्याची शक्यता, निदान कल्पनेत, उघडी असावी लागते, हे ती युक्ती सांगते. टाकून जाण्याचा जाब दमयंती विचारते, नलही तिच्या दुसऱ्या स्वयंवराचा जाब विचारतो. या सवालजबाबानंतरच ती दोघे खऱ्या अर्थाने नांदू लागतात.

४

यावरून एक विधान मी मांडू इच्छितो. विवाहानंतरची प्रेमकथा लिहिता यायची असेल, तर त्या कथेतील स्त्रीला न नांदण्याची मुभा असली पाहिजे. जेथे नांदणे सक्तीचे, तेथे सोसण्याची कथा होईल, त्यागाची होईल, बंडाची होईल. प्रेमकथा होणे अवघड.

नांदणे हा शब्द एकोणिसाव्या शतकात कोर्टाच्या पायरीवर उभा राहिला होता, हे येथे आठवावे. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी पती दादाजी भिकाजी यांच्या घरी नांदण्यास नकार दिला. १८८४ मध्ये पतीने मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलात तो निर्णय फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंनी पतीकडे जावे, नाहीतर सहा महिन्यांचा तुरुंगवास पत्करावा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढे त्या इंग्लंडमध्ये शिकून डॉक्टर झाल्या. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचे कलम आहे आणि घटस्फोटाचेही आहे. नांदवून घेण्याचा हक्क आणि न नांदण्याचा हक्क एकाच कायद्यात शेजारी शेजारी बसले. मराठी कादंबरीच्या इतिहासलेखनात सामाजिक सुधारणांचा उल्लेख नेहमी येतो. परंतु या हक्काचा प्रणयकथेच्या घाटाशी असलेला संबंध क्वचितच तपासला जातो.

५

या दृष्टीने मराठी कादंबरीकडे पाहिले असता काही ओळखीच्या कृती निराळ्या दिसू लागतात. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही विवाहित जोडप्यापासून सुरू होते. यमुना आणि विनायक एकत्र प्रवास करतात, पाहिलेल्या दुःखांविषयी एकमेकांशी बोलतात. लेखकाचे प्रयोजन विधवांची स्थिती व धर्मविचार हे असले, तरी बरोबरीने बोलणाऱ्या पतिपत्नींचे चित्र मराठी कादंबरीच्या उंबरठ्यावरच आलेले आहे. त्यानंतर अकरा वर्षांनी आलेल्या रिसबूडांच्या ‘मंजुघोषा’ने (१८६८) अद्भुतरम्य प्रेमकथेची वाट रूढ केली. हरिभाऊंच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये यमू आणि तिचा पती यांच्यातील कोवळ्या स्नेहाचे जे दर्शन घडते, ते माझ्या मते मराठीतील विवाहोत्तर प्रेमाच्या उत्तम चित्रणांपैकी एक आहे, पण आपण ती कादंबरी केवळ स्त्रीदुःखाची म्हणून शिकवतो. पुढे ना. सी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये (१९३१) कथानकाच्या गुंतागुंतीचे आणि उकलीचे तंत्र सांगितले, आणि त्या तंत्राच्या प्रभावाखाली मीलन म्हणजेच उकल हे समीकरण पक्के झाले. वास्तविक दोन माणसांचे लग्न झाले म्हणजे गाठ सुटत नाही, ती बसते. ‘लग्नगाठ’ हा शब्द आपल्याच भाषेतला आहे.

वऱ्हाडातून याला उत्तर मिळाले ते उद्धव ज. शेळके यांच्या ‘धग’मधून (१९६०). कौतिक आणि महादेव यांच्या संसाराची ही कहाणी वऱ्हाडी बोलीच्या समर्थ उपयोगासाठी आणि दारिद्र्याच्या चित्रणासाठी वाखाणली गेली, आणि ते योग्यच आहे. तिला प्रेमकथा म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु कर्तृत्वहीन आणि पुढे महारोगाने ग्रासलेल्या नवऱ्याविषयी कौतिकच्या मनात जो संताप आहे, त्यात आस्था नाहीच असे म्हणता येईल काय? तिचे बोलणे तोडून टाकणारे आहे. तिची कृती धरून ठेवणारी आहे. ‘धग’मध्ये प्रेमाला वेळ मिळत नाही, भाकरीच सारा वेळ खाते. सुखान्त प्रेमकथेला जो निवांतपणा गृहीत असतो तो कोणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न ही कादंबरी न विचारताही विचारते. कामरगावच्या परिसरातील विद्यार्थ्याला कौतिकची बोली समजावून सांगावी लागत नाही. तिच्या रागातील ही दुहेरी ओढ मात्र वर्गात उलगडून दाखवावी लागते.

दुसऱ्या स्वयंवराची कथा मराठीत सर्वांत समर्थपणे लिहिली गेली ती कादंबरीत नव्हे, आत्मचरित्रात. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग १९३४ पासून प्रसिद्ध झाले. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि पतिपत्नींची ताटातूट झाली. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, त्या प्रथम स्वतःचा धर्म आणि सोवळे राखूनच. ख्रिस्ती झाल्या त्या पुढे, स्वतःच्या विचाराने. बालवयात इतरांनी लावून दिलेल्या लग्नातील नवरा त्यांनी प्रौढपणी, जाणतेपणी पुन्हा निवडला. त्यांच्या विनोदाचे कौतुक आपण पुष्कळ केले. पण हा विनोद कोठून येतो? ज्या माणसाचे सारे विक्षिप्तपण ठाऊक आहे आणि तरीही जो हवासा वाटतो, त्याच्याविषयीच असे हसता येते. बाहुकाच्या हातची चव ओळखणाऱ्या दमयंतीचे ते हसणे आहे. १९९० मध्ये आलेल्या सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’वर जो वाद झाला, त्यातही खरा सल हाच होता. प्रेमविवाह झालेल्या पत्नीने विवाहाचा हिशेब मांडला म्हणजे प्रेम संपले, असे अनेक वाचकांनी धरून चालले. हिशेब हा नांदण्याचाच भाग आहे, हे त्यांना मान्य होईना.

कथात्म वाङ्मयात ही मुभा ठळकपणे आली ती गौरी देशपांडे यांच्या लेखनात. ‘एकेक पान गळावया’ (१९८०) या पुस्तकातील तीन दीर्घकथा स्त्रीच्या आयुष्याच्या तीन टप्प्यांकडे पाहतात. त्यांपैकी ‘मध्य लटपटीत’ हे शीर्षकच विवाहाच्या त्या मधल्या पट्टीचे नाव आहे, जिच्याविषयी प्रणयकथा मौन पाळते. या नायिका घर सोडू शकतात, आणि म्हणूनच त्यांचे राहणे ही कृती ठरते, नियती नव्हे. त्यांच्यावर उच्चभ्रूपणाचा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. निवडीची मुभा आपल्या समाजात आजही सर्वांना सारखी मिळत नाही. परंतु आक्षेप मुभेच्या विषम वाटणीवर असावा, मुभेवर नसावा.

६

लोकप्रिय वाङ्मय येथे दुर्लक्षून चालणार नाही. व. पु. काळे यांची ‘पार्टनर’ पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली, ती केवळ प्रियाराधनासाठी नव्हे. लग्नानंतरचे घर, त्या घरातील माणसे आणि दोघांपुरत्या जागेचा प्रश्न तिने वाचकाच्या ओळखीच्या भाषेत मांडला. चित्रपटात ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) एका दिवसाच्या भेटीवर उभा होता. त्याचा दुसरा भाग (२०१५) लग्नाच्या उंबरठ्यावरील चलबिचलीचा, तर तिसरा (२०१८) विवाहानंतर येऊ घातलेल्या मुलाचा. प्रेक्षकाला ‘पुढे काय’ हे हवे होते, याचा हा व्यावहारिक पुरावा आहे. दूरचित्रवाणीच्या मालिका तर लग्नानंतरच सुरू होतात. पण तेथे कहाणीची जुनी पद्धत परत येते. दुराव्याचे कारण कोणीतरी तिसरी दुष्ट व्यक्ती असते, उपाय नायिकेच्या सहनशीलतेत असतो, आणि दोघांच्या स्वभावाला हात लागत नाही.

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांना हा प्रश्न नवा नाही. जॉर्ज इलियटने ‘मिडलमार्च’मध्ये (१८७१-७२) डोरोथियाचे लग्न आरंभीच लावून टाकले, आणि अखेरच्या प्रकरणात विवाह हा अनेक कथांचा शेवट असला तरी तो मोठा प्रारंभच आहे, अशा अर्थाचे विवेचन केले. टॉलस्टॉयच्या ‘कौटुंबिक सुख’ (१८५९) या लघुकादंबरीत पहिला अर्धा भाग विवाहापर्यंतचा, दुसरा त्यानंतरचा आहे. परंतु त्यांचे अनुकरण करण्याची गरज नाही. आपल्यापाशी दमयंती आहे, लक्ष्मीबाई आहेत, आणि ‘नांदणे’ हे क्रियापद आहे.

७

उणीव आहे ती समीक्षेच्या वर्गीकरणात. विवाहापूर्वीचे प्रेम दिसले की आपण कृतीला ‘रंजनप्रधान’ म्हणतो. विवाहानंतरचे जीवन दिसले की ‘कौटुंबिक’, ‘सामाजिक’ किंवा ‘स्त्रीवादी’ म्हणतो. परिणामी प्रणयाची चर्चा करणारा संसाराकडे पाहत नाही, आणि संसाराची चर्चा करणारा त्यातील प्रणयाकडे. उपवर मुलीचा ग्रंथ आणि सुवासिनीची कहाणी यांची जुनी वाटणीच आपण नव्या परिभाषेत चालू ठेवली आहे. ‘नांदणूक’ हा शब्द मराठीत आहेच. विवाहोत्तर प्रेमाच्या कथात्म चित्रणासाठी तो संज्ञा म्हणून वापरून पाहावा, असे मी सुचवितो. नांदणुकीची कथा ओळखण्याच्या तीन कसोट्या नलोपाख्यानातूनच मिळतात: तीत काळ जातो, पात्रांना एकमेकांविषयीचे असे ज्ञान होते जे बाहेरच्याला होऊ शकत नाही, आणि निवड पुन्हा करावी लागते, ती करण्याची किंवा न करण्याची मुभा दोघांनाही असते.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण आहे, आणि तीच सर्वांत आवश्यक आहे. ती वगळली तर नांदणुकीची कथा म्हणजे सोसण्याचा गौरव होऊन बसेल. आपल्या वर्गांत बसणाऱ्या विद्यार्थिनींपैकी अनेकींची लग्ने पदव्युत्तर वर्गाचा निकाल लागण्यापूर्वीच ठरतात. ग्रंथालयातून त्या प्रेमकथा नेतात, आणि अभ्यासक्रमात स्त्रीदुःखाच्या कादंबऱ्या वाचतात. या दोहोंच्या मध्ये जे आयुष्य त्यांना प्रत्यक्ष काढायचे आहे, त्याविषयी मराठी वाङ्मयाने काय सांगितले आहे, हे दाखविण्याचे काम शिक्षकाचे आहे. ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘धग’ शेजारी शेजारी ठेवून शिकविता येतील. स्वयंवरकाव्ये आणि श्रावणातील कहाण्या यांचा वाचकवर्गाच्या अंगाने अभ्यास करता येईल. वऱ्हाडातील उखाण्यांत नवऱ्याचे नाव कसे घेतले जाते आणि वयानुसार त्याचा सूर कसा पालटतो, हे गोळा करता येईल. प्रबंधासाठी विषय उरले नाहीत असे म्हणणाऱ्यांनी या दिशेने पाहावे. ‘सुखाने नांदू लागली’ या वाक्यातील क्रियापद अजून चालू आहे. पुढील वाक्य लेखकांनी लिहावे. ते कोठे कोठे आधीच लिहिले गेले आहे, हे शोधणे आपल्याकडे आहे.